लेखी कराराशिवाय भाड्याचं घर: महाराष्ट्रात भाडेकरूने आणि घरमालकाने काय करावं

ओळखीतून खोली मिळते, डिपॉझिट दिलं जातं, किल्ली हातात येते आणि कागद करायचा राहून जातो. पुढे वाद झाला की दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘करारच नाही, मग हक्क कसला?’ भाडेकरू ते घाबरून म्हणतो, घरमालक दरडावून. दोघंही चुकतात. कागद नसला तरी कायदा लागूच असतो, आणि महाराष्ट्रात कागद नसल्याचा पहिला फटका बसतो तो घरमालकाला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने द्या किंवा लीव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची नुसती परवानगी) द्या, करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालेली हवी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिक्षेपेक्षाही महत्त्वाचा भाग पुढचा आहे. नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं. घरमालकाला ते खोडायचं असेल तर पुरावा त्याने आणायचा.

म्हणजे भाडेकरू म्हणाला, ‘भाडं आठ हजार ठरलं होतं, डिपॉझिट पन्नास हजार दिलं, मुदत काही ठरली नव्हती,’ तर न्यायालयात सुरुवात तिथून होते. पण हे शस्त्र वाटतं तितकं धारदार नाही. घरमालकाने बँकेचं स्टेटमेंट दाखवून दर महिन्याला बारा हजार येत होते हे सिद्ध केलं, तर भाडेकरूचा शब्द तिथेच पडतो. त्यामुळे पुरावा दोघांनीही जमवायचा असतो.

‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही’ हा समज इथे पहिल्यांदा सोडून द्या. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, हा नियम केंद्राच्या नोंदणी कायद्यातला आहे. महाराष्ट्रात कलम ५५ ला मुदतीचं बंधन नाही, अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच. स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद हा नोंदणीकृत करार होत नाही. तो फाडून टाकू नका, ठरलेलं काय होतं याचा पुरावा म्हणून त्याची काही मदत होऊ शकते. पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आधी ठरवा, तुम्ही नक्की कोण आहात

घराचा स्वतंत्र ताबा तुमच्याकडे आहे का, हा खरा प्रश्न. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, घरमालक विचारल्याशिवाय आत येत नाही, भाडं महिन्याच्या महिन्याला जातं: तर तुम्हाला भाडेकरू म्हणून उभं राहता येतं. घरमालकाच्याच घरात एक कॉट घेतली, स्वयंपाकघर आणि दार सामाईक, तर तुम्ही पेइंग गेस्ट. पेइंग गेस्टला भाडेकरूचं संरक्षण मिळत नाही. नोकरीपोटी मिळालेल्या खोलीचा हिशोबही वेगळा असतो.

दुसरी गोष्ट गावाची. भाडे नियंत्रण कायदा राज्यातल्या प्रत्येक वाडीवस्तीला लागू नाही, तो कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे शेवटी जोडलेल्या यादीत, दिलेल्या क्षेत्रांना लागू आहे. तुमचं गाव त्यात नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ लागतो. त्याच्या कलम १०६ प्रमाणे राहण्यासाठी घेतलेलं घर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, महिन्या-महिन्याच्या बोलीवर आहे असं मानतात आणि पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने ही बोली संपवता येते. बोली संपली तरी माणसाला बाहेर काढायचं ते न्यायालयामार्फतच. गोव्यात राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथला भाडे कायदा १९६८ चा आणि स्वतंत्र आहे, इथली कलमं तिथे चालत नाहीत.

पुरावा: वाद नसताना जमवायची गोष्ट

भांडण झाल्यावर कोणी पावती देत नाही. म्हणून हे काम गोडीगुलाबी असतानाच करा.

भाडं शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात ‘जून २०२५ भाडं, खोली ३’ असं लिहा. शेरा रिकामा ठेवला की उद्या तेच पैसे ‘हातउसने घेतलेले परत केले’ असं म्हणायला समोरचा मोकळा राहतो. डिपॉझिट वेगळ्या व्यवहाराने पाठवा, भाड्याच्या रकमेत मिसळू नका. सर्वाधिक वाद याच एका रकमेवरून होतात, आणि रोख दिलेलं डिपॉझिट सिद्ध करणं फार अवघड जातं.

रोख देत असाल तर पावती मागा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे भाडं घेताना लेखी पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे, तो उपकार नाही. दुकानात मिळणारं छापील पावतीपुस्तक चालतं. मजकूर असा असावा:

‘दि. ५ जून २०२५. खोली क्र. ३, (पूर्ण पत्ता). जून २०२५ चं भाडं रु. ९,०००/- (अक्षरी रुपये नऊ हजार फक्त) रोख मिळालं. मागील बाकी नाही. डिपॉझिट रु. ३०,०००/- माझ्याकडे जमा आहे. नाव, सही.’

शेवटची दोन वाक्यं बहुतेक पावत्यांत नसतात, आणि नेमकी तीच पुढे कामाला येतात. ‘मागील बाकी नाही’ लिहिलं असेल तर वर्षभरापूर्वीचे दोन महिने थकलेत असा दावा टिकवणं कठीण होतं. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या.

पावती द्यायला घरमालक टाळतो तेव्हा त्याच दिवशी मेसेज टाका: ‘काका, आज सकाळी जूनचं भाडं नऊ हजार रोख दिलं, मिळाल्याचं कळवा.’ ‘हो, मिळाले’ एवढं उत्तर आलं तरी पुरे. ही संभाषणं न्यायालयात चालतात, पण नुसते स्क्रीनशॉट छापून नेले तर आक्षेप येतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यामुळे मूळ मोबाइल सांभाळा, चॅट पुसू नका आणि ‘आपोआप मेसेज नाहीसे होणं’ हा पर्याय चालू असेल तर आजच बंद करा.

पत्त्याचे पुरावेही जमत जातात: गॅसचं कार्ड, बँकेची पत्रं, मुलाच्या शाळेतला दाखला, कुरिअरच्या पावत्या. एका कागदाने काही सिद्ध होत नाही, पण तीन वर्षांचे वीस कागद एकाच पत्त्याचे असले तर ताबा कोणाचा होता हे वेगळं सांगावं लागत नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा आदेश जिथे लागू आहे तिथे घरमालकाने ती द्यायलाच हवी, कारण आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो. ‘माहिती दिली तर भाडेकरू असल्याचा पुरावा तयार होईल’ या भीतीने ती दडवणं घरमालकाला महागात पडतं.

घरमालक भाडं घेईना, तर

हा जुना डाव आहे. चार-सहा महिने भाडं नाकारायचं आणि मग ‘भाडं थकवलं’ म्हणून दावा लावायचा. भाडेकरू पैसे खिशात ठेवून गप्प बसला की डाव यशस्वी होतो.

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ सांगतं, भाडेकरू भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे तोवर त्याला घराबाहेर काढता येत नाही. ही तयारी दिसली पाहिजे. घरमालकाचं बँक खातं माहीत असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे पाठवत राहा. खातं बंद केलं किंवा पैसे परत पाठवले तर पोस्टाने मनीऑर्डर करा. ती ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आली तर तो कागद जपून ठेवा, तुमची तयारी दाखवणारा तोच सर्वांत सोपा पुरावा. सोबत एक साधं पत्र स्पीड पोस्टने पाठवा: कोणत्या महिन्याचं किती भाडं कोणत्या तारखेला देऊ केलं, ते नाकारलं गेलं, खाते क्रमांक लेखी कळवावा. नाकारलेली रक्कम खर्च करू नका. न्यायालयात भरायची वेळ येते तेव्हा ती एकरकमी लागते.

कुलूप बदललं, पाणी तोडलं

न्यायालयाच्या आदेशाशिवाय भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. भाडं थकलेलं असलं तरी नाही, करार नसला तरी नाही, घर घरमालकाच्या स्वकष्टाचं असलं तरी नाही.

पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सेवा तोडण्याला कलम २९ ने मनाई आहे. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून सेवा तात्पुरती पूर्ववत करण्याचा आदेश मिळवू शकतो. वीज गेली तर आधी एक गोष्ट तपासा: बिल थकल्यामुळे वीज कंपनीने तोडली की मीटरजवळचा कटआउट कुणी काढला? मीटरचा आणि कटआउटचा फोटो तारीख-वेळेसह काढा. बिल थकलेलं असेल आणि ते भरण्याचं तुम्हीच कबूल केलं असेल, तर कलम २९ चा आधार पांगळा होतो.

बाहेरून परतल्यावर दाराला परकं कुलूप दिसलं तर ते तोडू नका. तोडलंत तर तक्रार तुमच्याच विरुद्ध जाते. कुलपाचा, दारावरच्या नावाच्या पाटीचा, बाहेर टाकलेल्या सामानाचा व्हिडिओ काढा, शेजारच्या दोघांना बोलावून दाखवा. ११२ वर फोन करा, कारण त्या फोनची नोंद राहते. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर मिळतं ते ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’. मालकी आणि भाड्याचा वाद दिवाणी आहे हे खरं, पण माणसाला त्याच्या राहत्या जागेत जाण्यापासून अडवणं, धमकावणं, त्याचं सामान नेणं हे गुन्हे आहेत. अर्जात तेवढंच लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

यानंतरचा दिवाणी उपाय फार थोड्यांना ठाऊक असतो. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ज्याला कायद्याचा मार्ग सोडून जबरदस्तीने बाहेर काढलं तो ताबा परत मागू शकतो. इथे मालक कोण हा प्रश्न मुळात येत नाही. तुम्ही तिथे राहत होता आणि तुम्हाला बेकायदा काढलं, एवढंच पाहतात. मुदत मात्र काढल्याच्या दिवसापासून सहा महिने. समजुतीच्या बैठका, ओळखीचा नगरसेवक, ‘दिवाळीनंतर बघू’ यांत हे सहा महिने निघून जातात आणि हा हक्क संपतो. बैठका करायच्या तर करा, पण वकिलाला पहिल्या महिन्यातच भेटा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन.

दुरुस्ती आणि भाडेवाढ

छत गळतं, संडासाचा पाइप फुटला, तर घर राहण्याजोगं ठेवणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घरमालकाचं काम आहे. लेखी नोटीस द्या. पंधरा दिवसांत काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. भाडं ९,००० असेल तर वर्षाचे १,०८,००० आणि मर्यादा २७,०००. नोटिशीशिवाय प्लंबर बोलावून पैसे कापले की ती कपात थकबाकी म्हणून तुमच्यावरच उलटते. प्लंबरचं बिल, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, दोन्ही ठेवा.

कलम ११ घरमालकाला वर्षाला ४ टक्के वाढीचा हक्क देतं. दहा हजारांचे पुढच्या वर्षी दहा हजार चारशे. ‘पुढच्या महिन्यापासून चौदा हजार, नाहीतर खाली करा’ असं तोंडी सांगून भाडं वाढत नाही. मात्र एकदा चौदा हजार बिनतक्रार भरायला लागलात की ते मान्य केलं असाच अर्थ निघतो.

घरमालकाने काय करावं

कागद नसलेल्या घरमालकाचं सर्वांत मोठं नुकसान कलम २४ चं आहे. लेखी लीव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. समोरच्याला तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते आणि घर न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई लागते. लेखी कराराविना हा जवळचा रस्ता जवळजवळ बंदच. मग उरतो तो दावा: मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात, जिथे असं न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

भाडं थकलं असेल तर पहिली पायरी म्हणजे लेखी मागणीची नोटीस. तीत प्रत्येक महिना आणि रक्कम वेगळी लिहा, ‘बरेच महिन्यांचं भाडं’ असं मोघम नको. नोटीस पोचल्यापासून ९० दिवस जाईपर्यंत दावा दाखल करता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. या दोन नव्वदांची घाई करून काही साधत नाही, अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी लावलेला दावा फुकट जातो. थकबाकी मागण्याची मुदत तीन वर्षं, म्हणून जुनी थकबाकी कुजवू नका.

घर परत मिळण्याची इतर कारणं कलम १६ मध्ये आहेत: स्वतःसाठी खरोखरीची गरज, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने घर न वापरणं. गरजेच्या कारणात न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणी तोलून पाहतं. भाडेकरूंनीही शेवटचं कारण लक्षात ठेवावं: कुलूप लावून सहा महिने गावी जाऊन बसलात तर घर घालवायला तेवढं पुरतं.

आणि ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं’ ही भीती काढून टाका. परवानगीने राहणारा आणि भाडं देणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी तेवढ्याने मालक होत नाही. दर अकरा महिन्यांनी माणसं हुसकावत बसण्यापेक्षा वेळच्या वेळी नोंदणीकृत करार करणं हा कितीतरी सोपा बंदोबस्त आहे.

घर सोडताना

डिपॉझिट परत देण्याचा वाद शेवटच्या दिवशी होतो, आणि तो बहुधा रंग, नळ आणि लाइट बिलावरून असतो. निदान महिनाभर आधी लेखी कळवा. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरून पाहा, मीटरचं रीडिंग फोटोसह घ्या, गीझर-पंखे चालवून दाखवा. एका कागदावर कपातीची प्रत्येक बाब रकमेसह लिहा आणि दोघांनी सही करा. किल्ली आणि उरलेले पैसे एकाच वेळी हस्तांतरित व्हावेत. ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असा मेसेज फिरत असतो. ती मर्यादा केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातली आहे. हा राज्यांसाठीचा नमुना आहे, महाराष्ट्राने तो आपला कायदा म्हणून स्वीकारलेला नाही. इथे जेवढं ठरलं आणि दिलं, तेवढं परत मागायचं.

आता कागद करायचा असेल तर

लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. दोन्ही बाजूंचं आधार, बोटांचे ठसे, दोन साक्षीदार. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. भाडं १५,०००, अकरा महिने, डिपॉझिट ५०,००० असेल तर १,६५,००० अधिक सुमारे ४,५८३, म्हणजे शुल्क सव्वाचारशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एजंटची फी याहून वेगळी, म्हणून त्याने एकत्र आकडा सांगितला तर फोड करून मागा. नोंदणी झाल्यावर सही-शिक्क्याची प्रत आणि ‘सूची क्रमांक दोन’ (इंडेक्स टू, नोंदणीचा गोषवारा) दोघांनीही जवळ ठेवा.

भाडेकरूने इथे एकदा थांबून विचार करावा. दहा वर्षं तोंडी बोलीवर भाड्याने राहणाऱ्याने आज लीव्ह अँड लायसन्सवर सही केली, तर त्याचा भाडेकरू म्हणून असलेला दावा कमकुवत होतो आणि मुदत संपताच कलम २४ त्याच्यावर चालू शकतं. अशा घरात ‘भाडे करार’ करायचा की ‘लायसन्स’ हे सही करण्याआधी वकिलाला विचारा. जुन्या तारखेचा कागद कोणी पुढे केला तर त्यावर सही करू नका. आणि ‘यापूर्वी सदर जागा माझ्या ताब्यात नव्हती’ असं वाक्य मसुद्यात असेल तर ते खोडून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका.